शेवटची चढाई आणि चाळीस सेकंद : ठाण्यातल्या एका कबड्डी मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्यालगत टॉवरच्या गर्दीत अजून तग धरून असलेल्या एका गावठाणातलं हे मंडळ. मंडळाचं आणि माणसांचं नाव देणार नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. खेळाडूंचा उल्लेख मैदानातल्या त्यांच्या जागेवरून करते : चढाईपटू, डावी कोपरारक्षक, मध्यरक्षक. हे सगळं घडलं तेव्हा मी मंडळाची कार्यवाह होते. त्यामुळे हे दुरून पाहून लिहिलेलं नाही. यातली सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच आहे आणि ती मी जशीच्या तशी सांगणार आहे.

वस्ती मुख्यतः आगरी, पण गावात ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्तींची घरंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमची चढाईपटू त्यातल्याच एका घरातली, १९ वर्षांची. घरी मराठीच बोलतात. रविवारी सामने असतात म्हणून ती शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) जाऊन येते. हे आम्हाला चार वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. डावी कोपरारक्षक मुंब्र्याहून येते. मध्यरक्षक गावातली, तिच्या घरी एकवीरा आईची भक्ती. नवरात्रात ती नऊ दिवस अनवाणी असते आणि बाकीच्या मुली बूट घालून मॅटवर असताना ही तशीच सराव करते. तिला त्याबद्दल कधी कुणी काही विचारलेलं नाही.

मैदानाच्या टोकाला पत्र्याची खोली आहे. तिथे मारुतीची तसबीर आहे. खंडेनवमीला शिट्ट्या, वजनं, गुंडाळलेल्या मॅट या सगळ्यांना हळदकुंकू लागतं. स्पर्धेच्या उद्घाटनाला नारळ फुटतो. सामन्याआधी मुली खांद्यावर हात टाकून रिंगण करतात आणि सरांच्या, म्हणजे प्रशिक्षकांच्या, मागून ‘बजरंग बली की जय’ अशी आरोळी देतात. मी स्वतः १२ वर्षं या मंडळाकडून खेळले, ती आरोळी दिली, आणि ती ऐकली की आजही अंगात बळ येतं. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याच आरोळीवर आम्हाला बोलावं लागलं.

अजून एक रात्र पार्श्वभूमीला आहे. ३० ऑक्टोबर २०२५. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ धावांचं लक्ष्य. आमच्या सहा मुली ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने गेल्या होत्या. जेमिमा रॉड्रिग्जने १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा केल्या, भारत जिंकला, आणि जिंकल्यावर रडत रडत तिने आधी येशूचे आभार मानले. शेवटी शेवटी आपल्यात त्राण उरलं नव्हतं. ‘तू फक्त उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल’ या अर्थाचं बायबलमधलं वचन आपण म्हणत होतो, असं तिने सांगितलं. त्या स्पर्धेच्या काळात आपण जवळजवळ रोज रडलो, मनातली भीती जात नव्हती, हेही तिने लपवलं नाही. आमची चढाईपटू त्या गर्दीत होती. त्या रात्री तिने घरी येऊन आईला सांगितलं, ‘मोठ्याने म्हणता येतं हे.’

त्यानंतर येशूचं नाव घेतल्यावरून समाजमाध्यमांवर जेमिमावर काय काय लिहिलं गेलं ते बहुतेकांनी वाचलं असेल. तेव्हा आम्ही मंडळात त्यावर एक शब्दही बोललो नाही. ती दूरची गोष्ट वाटली.

काय घडलं

जानेवारीत शेजारच्या गावात मातीवरची दिवस-रात्र स्पर्धा होती. अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पाच-पाच चढायांवर गेला. शेवटची चढाई आमची. एक गुण हवा होता. ती आत गेली, दोनदा हुलकावणी दिली, उजव्या कोपऱ्याचा पाय हाताने टिपला आणि दोघी अंगावर येत असताना बोटांनी मध्यरेषा गाठली. उठली ती सरळ गुडघ्यांवर बसली, मातीने भरलेल्या हाताने क्रुसाची खूण केली आणि वर बघितलं. मग बाकीच्या मुली तिच्या अंगावर कोसळल्या.

स्थानिक वाहिनीच्या मुलाने माइक पुढे केला. ‘शेवटच्या चढाईआधी मनात काय चाललं होतं?’ ती म्हणाली, ‘मी येशूला म्हटलं, मी घाबरलेय, माझ्यासोबत चल. त्यानेच नेलं आणि त्यानेच परत आणलं.’ पुढे तिने सरांचं आणि आईचं नाव घेतलं, पण जी चित्रफीत फिरली ती तिथेच कापलेली होती. चाळीस सेकंदांची.

सोमवारी सकाळपर्यंत ती गावाच्या ग्रुपवरून आसपासच्या चार-पाच ग्रुपवर गेली होती. कुणीतरी वर लिहिलं होतं, ‘मैदानात धर्मप्रचार?’ खाली प्रतिक्रिया सुरू झाल्या. मैदान आहे की चर्च, मारुतीच्या मंडळात खेळून असं बोलायला लाज वाटत नाही का, हिला पैसे कुठून येतात. ती गळ्यात क्रूस घालून खेळली असाही आरोप आला. तो खोटा होता. कबड्डीत दागिना चालत नाही, नखंसुद्धा कापून यावं लागतं. सामन्याआधी पंचांनी तिची साखळी काढायला लावली होती, तशीच आणखी दोघींच्या मनगटांवरचे गंडेही.

मंगळवारी दुसरी बाजू आली आणि तिचा त्रास चढाईपटूला जास्त झाला. कुठल्यातरी परराज्यातल्या पानांनी तीच चित्रफीत उचलून त्यावर संगीत चढवलं आणि लिहिलं की मूर्तिपूजकांच्या मैदानात प्रभूचा जय झाला. हजारोंनी ते पसंत केलं. ते मध्यरक्षकाने पाहिलं. या दोघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. तिने फोन करून एवढंच विचारलं, ‘आम्ही मूर्तिपूजक काय गं?’ चढाईपटू मला नंतर म्हणाली, ‘ताई, शिव्यांचं मला रडू नाही आलं. त्या शाबासकीचं आलं.’

हे वाक्य मी अनेक दिवस विसरू शकले नाही. श्रद्धा उघड बोलणाऱ्या खेळाडूला झोडपणारे असतात हे आपण गृहीत धरतो. पण तिला उचलून आपल्या झेंड्यावर लावणारेही तिचं बोलणं तिच्याकडून काढूनच घेतात. ती भीतीबद्दल बोलली होती. एका बाजूने त्याला प्रचार ठरवलं, दुसऱ्या बाजूने विजयघोष.

माझी चूक

मंगळवारी रात्री अध्यक्षांचा फोन आला. संघाला कपडे देणाऱ्या व्यावसायिकाने त्यांना कळवलं होतं की त्या चित्रफितीत आपलं नाव छातीवर दिसतंय, ते बरं दिसत नाही. तीन आठवड्यांवर जिल्ह्याची निवड चाचणी होती. अध्यक्ष म्हणाले, ‘काहीतरी लिहून टाक आणि विषय मिटव.’

मी पंधरा मिनिटांत मंडळाच्या पानावर लिहिलं : ‘आमचे मंडळ खेळात धर्म आणत नाही. संबंधित खेळाडूस योग्य ती समज देण्यात आली आहे.’

तिला कुणीही समज दिलेली नव्हती. माझं तिच्याशी बोलणंही झालं नव्हतं. ज्या खोलीत बसून मी ‘खेळात धर्म आणत नाही’ असं लिहिलं त्या खोलीत माझ्या डोक्यावर मारुतीची तसबीर होती आणि ती मला त्या क्षणी दिसली नाही. ती वाक्यं मला तटस्थ वाटली होती. वाचणाऱ्याला त्यात गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही दिसले. ज्यांनी तोवर काही लिहिलं नव्हतं त्यांनीही लिहिलं, ‘बघा, मंडळानेच मान्य केलं.’ बुधवारी ती सरावाला आली नाही. तिची आई आली, खोलीच्या दारात उभी राहिली, आणि म्हणाली, ‘तुम्ही तिला समज दिलीत, मग आम्हाला पण द्या. हे आम्हीच शिकवलंय तिला.’

पहिला निर्णय जिथे घ्यायचा होता तो क्षण हा होता, आणि तो मी घाईत घालवला.

कोणते पर्याय होते

शुक्रवारी कार्यकारिणी बसली. सर, संघनायिका, दोन पालक (त्यातले एक वकील), आणि नाना, म्हणजे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. चढाईपटूला बोलावलं होतं. ती आली, पण आईला घेऊन.

गप्प बसायचं, आपोआप थांबेल, हा एक विचार होता. माझ्या पोस्टनंतर तो मार्ग उरला नव्हता. तिच्याकडून खुलासा घ्यायचा, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे’ छापाचा, हा दुसरा. तो अध्यक्षांनीच मागे घेतला. कशाबद्दल दिलगीर ते सांगता येईना.

पोलिसांत जावं का यावर बराच वेळ गेला. तीन प्रतिक्रियांमध्ये सरळ धमकी होती. वकील पालक म्हणाले, भारतीय न्याय संहितेत कलम १९६ (समाजात तेढ पसरवणं) आणि २९९ (धार्मिक भावना दुखावणं) आहे, धमकीचं वेगळं आहे, सायबर विभागाकडे तक्रार होऊ शकते. पण तक्रार द्यायची तर तिच्या नावाने, आणि तिचे वडील तयार नव्हते. पहाटे कामावर जाणारा माणूस, त्यांना पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नको होत्या. आम्ही सगळ्याची छायाचित्रं तारखेसह जपून ठेवली, ती अजून आहेत.

खरा वाद झाला तो सरसकट बंदीवर. मैदानात कुठलंही धार्मिक चिन्ह, कुठलाही हावभाव नको. सगळ्यांना एकच नियम. ऐकायला हे सगळ्यात न्याय्य वाटलं. सरांचाही सुरुवातीला याला पाठिंबा होता. ऑलिम्पिकच्या सनदेतला ५० वा नियमही राजकीय, धार्मिक, वांशिक प्रदर्शनाला मनाई करतो, असं त्यांनी सांगितलं.

वकील पालकांनी विचारलं, बंदी झाली की पहिल्या दिवशी काय काय काढायचं त्याची यादी करा. तसबीर. नारळ. खंडेनवमी. रिंगणातली आरोळी. अनवाणी पाय. मैदानात शिरताना मातीला हात लावून कपाळाला लावतो, तो नमस्कार धर्मात मोजायचा की खेळात? यादी जसजशी वाढली तशी खोली शांत होत गेली. आम्ही ज्याला वातावरण म्हणत होतो ती श्रद्धाच होती, फक्त आमची असल्याने ती डोळ्यांना दिसत नव्हती. चढाईपटूची दिसली, कारण ती एकटीची होती.

शिवाय अशा बंद्यांचा अनुभव जगात चांगला नाही. फुटबॉलमध्ये डोक्यावरच्या स्कार्फला २००७ पासून मनाई होती. २०११ साली इराणच्या महिला संघाला त्यापायी ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळता आला नाही, आणि २०१४ मध्ये ती मनाई उठली. बास्केटबॉलमध्ये २०१४ सालीच चीनमधल्या आशियाई स्पर्धेत आपल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवून खेळावं लागलं. तो नियम २०१७ मध्ये बदलला. दोन्ही ठिकाणी सुरक्षिततेचं कारण पुढे केलं होतं, दोन्ही ठिकाणी सुरक्षित कापड निघालं. मधली वर्षं मात्र ज्या खेळाडूंची गेली त्यांना परत मिळाली नाहीत.

बैठकीत जे बाहेर आलं

नाना तोवर बोलले नव्हते. ते म्हणाले, ‘तुम्हाला विजय हजारे ठाऊक आहेत ना? ते ख्रिस्ती होते.’ खोलीतल्या अर्ध्या माणसांना ते ठाऊक नव्हतं. सांगलीत जन्मलेले हजारे. मुंबईत तेव्हा धर्मावर संघ पाडून पंचरंगी सामने व्हायचे : हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेले. हजारे त्या ‘उरलेल्यां’त. १९४३ साली ब्रेबॉर्नवर हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑननंतर त्यांच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ हजाऱ्यांच्या. धर्मावर क्रिकेट वाटू नये असं गांधीजींनी १९४० मध्येच म्हटलं होतं, १९४६ नंतर ते सामने बंद पडले. १९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हजारेच होते. देशातली एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नावाने खेळली जाते. नानांनी एवढं सांगितलं आणि म्हणाले, ‘माझ्या बापाने तो डाव पाहिला होता. तो म्हणायचा, आम्ही हिंदूंच्या बाजूला बसलो होतो आणि टाळ्या हजाऱ्याला वाजवत होतो.’

संघनायिकेने वेगळाच धागा धरला. ती म्हणाली, विश्वचषक जिंकलेल्या त्याच संघात दीप्ती शर्मा आहे. तिच्या हातावर हनुमान गोंदलेला आहे, ती ‘जय श्रीराम’ लिहिते, आणि पंतप्रधानांनी भेटीत तिला त्याबद्दल कौतुकाने विचारलं. ते आम्हाला आवडलं. दक्षिण आफ्रिकेचा केशव महाराज बॅटवर ॐ लावून खेळतो, २०२४ च्या केपटाउन कसोटीत तो फलंदाजीला येताना रामाचं भजन लागलं आणि समोर उभ्या विराट कोहलीने हात जोडले. ते आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवलं. त्याच दक्षिण आफ्रिकेकडून खेळताना हाशिम अमलाने मद्याच्या कंपनीचं चिन्ह जर्सीवर लावलं नाही, संघाने ते मान्य केलं; आणि २००६ मध्ये एका समालोचकाने दाढीवरून त्याला अतिरेकी म्हटलं तेव्हा प्रक्षेपकांनी त्या समालोचकाला काढून टाकलं. ‘मग आपण कोण व्हायचं? महाराजला मान देणारे, की अमलाला तसं म्हणणारा?’ ती २३ वर्षांची आहे. मला हे सुचायला हवं होतं.

मग सरांनी, जरा अडखळत, आरोळीचा विषय काढला. ‘माझ्या मनात कधी आलंच नाही की ती कुणाला जड जात असेल.’ चढाईपटू लगेच म्हणाली, ‘मला नाही जड जात, सर. ती आपल्या टीमची आरोळी आहे. मी ती पोटातून देते.’ सगळ्यांना हायसं वाटलं.

आणि तेव्हा दाराशी उभी असलेली डावी कोपरारक्षक बोलली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती मैत्रिणीसाठी आली होती. ‘मी फक्त ओठ हलवते.’

चार वर्षं. रिंगणात तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीलाही ते कळलं नव्हतं. पुढे तिने सांगितलं की रमजानात ती रोजे धरून सरावाला येते आणि कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं असतं तर दमेल म्हणून बाहेर बसवतील. २०२५ च्या मार्चमध्ये, रमजानात, चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात, मोहम्मद शमी पाणी पिताना दिसला म्हणून एका मौलानांनी त्याला दोषी ठरवलं होतं. २०२१ साली पाकिस्तानकडून हरल्यावर त्याच शमीला दुसऱ्या लोकांनी गद्दार म्हटलं होतं. ‘धरला तरी बोलणार, सोडला तरी बोलणार. म्हणून मी सांगतच नाही,’ ती म्हणाली. सर मुलींच्या वजनाची, दुखण्याची, पाळीच्या तारखांचीसुद्धा काळजीने नोंद ठेवतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भर उन्हाळ्यात उपाशीपोटी, पाण्याविना या मुलीला त्यांनी पकडीचे वीस-वीस फेरे मारायला लावले होते.

आम्ही उघड श्रद्धेच्या एका मुलीवर निर्णय द्यायला बसलो होतो आणि आमच्यासमोर लपवलेल्या श्रद्धेची दुसरी उभी होती. पहिलीला आम्ही कसं वागवतो ते दुसरी चार वर्षं बघत होती.

काय केलं

दुसऱ्या दिवशी माझी पोस्ट काढली आणि नवी टाकली. मसुदा संघनायिकेने आणि मी मिळून केला : ‘आमच्या खेळाडूने जिंकल्यावर आपल्या देवाचे आभार मानले. आमच्याकडे कुणी मारुतीला नमस्कार करून खेळते, कुणी क्रुसाची खूण करून. आधीच्या पोस्टमध्ये तिला समज दिल्याचे लिहिले होते. ते खरे नव्हते. तिला समज देण्याचे कारणही नव्हते. चूक कार्यवाहांची आहे.’ खाली माझी सही.

पहिल्या मसुद्यात ‘कुणी बिस्मिल्ला म्हणून’ हेही होतं. डाव्या कोपऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझं नका लिहू.’ कारण विचारलं नाही. काढून टाकलं. नंतर दोघा-तिघांनी आम्हाला ऐकवलं की तुमच्या यादीत मुसलमान कसे नाहीत. उत्तर देणं सोपं होतं, पण ते दिलं असतं तर एका मुलीला वाचवायला दुसरीला उघडं केलं असतं.

आरोळी राहिली. फक्त ती आता सर सुरू करत नाहीत, मुली करतात. आणि जिला द्यायची नाही ती रिंगणात तशीच उभी राहते, हात खांद्यावर. वकील पालकांनी यासाठी १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला होता. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची, पण धर्मामुळे गात नव्हती. शाळेने काढलं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहून न गाणं हा अपमान होत नाही. राष्ट्रगीताला जे लागू ते आमच्या आरोळीला नक्कीच लागू.

दागिन्यांचा नियम लेखी केला : ज्यात बोट अडकेल ते सगळं बाहेर, साखळी, गंडा, ताईत, मंगळसूत्र. सुरक्षेचा नियम श्रद्धेच्या वादात ओढला जाऊ नये म्हणून तो आधीच भिंतीवर असलेला बरा.

मुलाखतीबद्दल मात्र नियम केला नाही. देवाचं नाव घ्यायचं की नाही हे सांगणारे आम्ही कोण? २१ वर्षांखालच्या मुलीच्या शेजारी मंडळातलं कुणीतरी मोठं उभं राहील आणि पूर्ण मुलाखत आम्ही स्वतः नोंदवून ठेवू, एवढंच ठरलं. त्या रात्री तिचं पूर्ण बोलणं आमच्याकडे असतं, तर कापलेल्या चित्रफितीला तासाभरात उत्तर देता आलं असतं.

परराज्यातल्या त्या पानांना तिने स्वतः लिहिलं की माझी चित्रफीत काढा, ज्यांना तुम्ही मूर्तिपूजक म्हणता ती मंडळी माझ्या घरची आहेत. एकाने काढली. बाकीच्यांनी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सोमवारी सकाळी मी तिच्या घरी जायला हवं होतं. तिचं घर मैदानापासून पाच मिनिटांवर आहे. जे काही लिहायचं ते तिला दाखवल्याशिवाय लिहायला नको होतं. आणि लिहिणारी मी नको होते. २०२१ मध्ये शमीबद्दल पुढच्या सामन्याआधी कर्णधार कोहली स्वतः बोलला, धर्मावरून कुणावर हल्ला करणं ही अत्यंत हीन गोष्ट आहे असं स्पष्ट म्हणाला. सोबत खेळणाऱ्याचा शब्द पदाधिकाऱ्याच्या शब्दापेक्षा वेगळा लागतो. आमची संघनायिका सोमवारीच बोलायला तयार होती. तिला कुणी विचारलं नाही.

धमकीच्या बाबतीत मी अजूनही नक्की सांगू शकत नाही. वडिलांचा नकार आम्ही मानला, तो मानायलाच हवा होता. पण तक्रार मंडळाच्या नावाने देता येईल का, एवढं तरी ठाण्यात जाऊन विचारायला हवं होतं. आम्ही थकलो होतो आणि नकाराच्या आड सुटलो.

आणि जेमिमाच्या वेळी बोलायला हवं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस सहा मुली तो सामना बघून आल्या होत्या, मैदानावर त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. तेव्हा रिंगणात बसून दहा मिनिटं बोललो असतो तर जानेवारीत आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती.

परिणाम

प्रतिक्रिया दहा-बारा दिवसांत ओसरल्या. कपडे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. गावातून वर्गणी काढून नवे कपडे शिवले. एका पालकांनी मुलीला काढून नेलं. त्यांच्या घरी मी दोनदा जाऊन आले, चहा झाला, मुलगी आली नाही.

निवड चाचणीत चढाईपटू पहिल्या यादीत आली, शेवटच्या बारा जणींत नाही. समितीने बचावातली कच्ची बाजू सांगितली. ती कच्ची आहे, सरही मान्य करतात. पण तिच्या मनात दुसरं कारण घर करून बसलं आहे, आणि ते काढायला आमच्याकडे काही पुरावा नाही. हे नुकसान कुठल्याही पोस्टने भरलेलं नाही. ती खेळते आहे. गुडघ्यांवर बसते, क्रुसाची खूण करते. माइक समोर आला की मात्र आता सरांचं नाव घेऊन बाजूला होते.

सरांच्या वहीत एक रकाना वाढला आहे. फेब्रुवारी २०२६ च्या त्या आठवड्यात १५ तारखेला महाशिवरात्र होती, १८ ला राखेचा बुधवार (ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस), आणि लगोलग रोजे सुरू झाले. रविवारी मध्यरक्षक साबुदाण्यावर, बुधवारी चढाईपटू एका जेवणावर, आणि गुरुवारपासून डावी कोपरारक्षक. या वेळी तिने आधी सांगितलं होतं. त्या आठवड्यात सरांनी पकडीचे फेरे कमी केले, सराव साडेसहाचा आठवर नेला, आणि वहीत तिन्ही नावांपुढे एकच शब्द लिहिला : उपास.